साधकाचे ताट

प्रस्तावना

‘पथ्य’ हा शब्द तुमच्या घरात कितीदा तरी उच्चारला जात असेल. आजोबांना भात वर्ज्य असतो, मावशीला मीठ कमी लागते. स्वतःच्या घरी असे पथ्य पाळणे तुलनेने सोपे असते, कारण स्वयंपाकघर ओळखीचे असते आणि काही हवे-नको असल्यास बोलण्याची मुभा असते. परंतु जेथे बोलायचेच नाही, बाहेरचा पदार्थ आणायचा नाही आणि जेवणाची वेळही दुसऱ्याने ठरवलेली आहे, अशा ठिकाणी दहा दिवस राहावयाचे असल्यास पथ्याचे काय करावे? प्रस्तुत पाठात विपश्यना-शिबिराच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे.

मूळ पाठ

नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी हे कसारा घाटाच्या माथ्यावर वसलेले गाव धुवांधार पावसासाठी जसे प्रसिद्ध आहे, तसे ते ‘धम्मगिरी’ या साधनाकेंद्रासाठीही प्रसिद्ध आहे. ब्रह्मदेशातील मंडाले येथे 1924 साली जन्मलेले सत्यनारायण गोएंका 1969 मध्ये भारतात आले व त्यांनी विपश्यनेची शिबिरे घेण्यास प्रारंभ केला. पुढे 1976 पासून इगतपुरीचे केंद्र नियमितपणे चालू झाले. गोएंका यांचे 2013 साली निधन झाले. तथापि त्यांच्या ध्वनिमुद्रित सूचनांच्या आधारे चालणारी दहा दिवसांची शिबिरे आज हैदराबाद, जयपूर, कच्छ अशा देशाच्या अनेक भागांत आणि परदेशांतही होत असतात. शिबिराचे शुल्क नसते. निवास व भोजन यांचा भार पूर्वी शिबिर पूर्ण केलेल्या साधकांच्या दानातून उचलला जातो. म्हणजे ताटात पडणारा घास कोणा अनोळखी माणसाने दिलेला असतो. महाराष्ट्रात एके काळी गरीब विद्यार्थी माधुकरी मागून शिकत असत. त्या परंपरेशी या भोजनाचे नाते सहज जुळते. माधुकरीच्या झोळीत जे येई ते गोड मानून घ्यावे लागे.

शिबिराचा दिवस पहाटे चार वाजता घंटेने सुरू होतो. साडेचारपासून दोन तास ध्यान, साडेसहाला न्याहारी, पुन्हा ध्यान, अकरा वाजता दुपारचे जेवण, एक ते पाच ध्यान, पाच वाजता चहाची सुटी, त्यानंतर सामूहिक ध्यान व प्रवचन आणि रात्री साडेनऊला दिवे मालवणे, असा क्रम असतो. रात्रीचे जेवण नसते. प्रथमच आलेल्या साधकाला सायंकाळी पाच वाजता चहा किंवा दूध आणि सोबत फळ वा चुरमुऱ्यांसारखा एखादा हलका पदार्थ मिळतो. ज्याने पूर्वी एक तरी शिबिर पूर्ण केले आहे, अशा जुन्या साधकाला मात्र मध्यान्हानंतर अन्न वर्ज्य असते. त्याने लिंबूपाणी अथवा बिनदुधाचा चहा घ्यावा, अशी अपेक्षा असते. आहार शाकाहारी व साधा असतो: वरण-भात, पोळी, एखादी उसळ किंवा भाजी. प्रांतानुसार पदार्थ बदलतात, साधेपणा बदलत नाही.

संध्याकाळच्या उपाशीपणाची ही प्रथा कोणा आधुनिक आहारतज्ज्ञाने सुचवलेली नाही. ती अडीच हजार वर्षांइतकी जुनी असून ‘विकालभोजन’, म्हणजे अवेळी जेवणे, टाळण्याच्या बौद्ध नियमातून आलेली आहे. हा नियम भिक्षूंनी आनंदाने स्वीकारला असेल असे कोणास वाटेल. पण पाली ग्रंथ त्याबाबत विलक्षण प्रांजळ आहेत. मज्झिम निकायातील एका सुत्तात उदायी नावाचा भिक्षू आपल्या मनातील चलबिचल सांगतो. बुद्धांनी आधी दुपारचे आणि नंतर रात्रीचे जेवण सोडावयास सांगितले, तेव्हा त्याला वाईट वाटले होते. कारण उघड होते. घरोघरी चांगला स्वयंपाक रात्रीच होत असे. दिवसा फारसे काही शिजत नसे. एखाद्या घरी दिवसा जिन्नस आलाच, तर गृहिणी म्हणे, राहू द्या, संध्याकाळी सगळे मिळून खाऊ. तरीही उदायीला पुढे नियमाचे मर्म पटले. रात्रीच्या अंधारात भिक्षेसाठी हिंडणारे भिक्षू कधी गटारात पडत, कधी काटेरी झुडपात शिरत, तर कधी झोपलेल्या गाईवर जाऊन आदळत. एका रात्री विजेच्या लखलखाटात भांडी घासणाऱ्या एका स्त्रीला दारात उभा असलेला भिक्षू दिसला आणि ती भूत समजून किंकाळी फोडून ओरडली. ज्याच्या घरी शिजते त्याला त्रास होऊ नये, हाही या नियमाचा एक हेतू होता, हे या प्रसंगावरून ध्यानी येते. पोट हलके राहिले की शरीरही हलके व निरोगी राहते, असा स्वानुभव बुद्धांनी अन्यत्र सांगितला आहे.

मात्र आहार कमी करणे म्हणजे शरीराला छळणे नव्हे. सिद्धार्थाने ज्ञानप्राप्तीपूर्वी अन्न जवळजवळ सोडूनच दिले होते; तेव्हा त्याचे शरीर इतके खंगले की पोट पाठीला लागले. लाहोरच्या संग्रहालयातील गांधारशैलीची उपोषित बुद्धमूर्ती पाहिली म्हणजे फासळ्या न् फासळ्या मोजता येतात. हा मार्ग निष्फळ आहे हे उमगल्यावर त्याने पुन्हा अन्न घेतले, आणि त्यामुळे रुष्ट होऊन त्याचे पाच सोबती त्याला सोडून गेले. दुसऱ्या टोकाला कोसल देशाचा राजा प्रसेनजित होता. तो द्रोणभर तांदळाचा भात खाऊन धापा टाकीत बुद्धांच्या भेटीस आला. बुद्धांनी त्याला मोजके जेवणाऱ्याचे सुख सांगणारी एक गाथा ऐकवली. राजाने मोठा व्यवहारी उपाय योजला. सुदर्शन नावाच्या तरुणाला ती गाथा पाठ करावयास लावली आणि जेवताना ती म्हणून दाखवण्याबद्दल रोज शंभर कार्षापण देऊ केले. राजाचा आहार हळूहळू नाळीभर तांदळावर आला. स्वतःच्या जिभेवर स्वतःचा भरवसा नसणारा हा राजा आजच्या वाचकालाही जवळचा वाटेल. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायातही अति खाणाऱ्याला आणि मुळीच न खाणाऱ्यालाही योग साधत नाही, असे सांगितले आहे. तर वाग्भटाच्या अष्टांगहृदयात पोटाचे दोन भाग अन्नासाठी, एक पेयासाठी व एक वायूसाठी मोकळा ठेवावा, असे प्रमाण दिले आहे.

याच कारणाने शिबिरात उपवासालाही परवानगी नसते. महाराष्ट्रातून जाणाऱ्या साधकाला ही बाब पुष्कळदा अनपेक्षित वाटते. दहा दिवसांच्या मुक्कामात चतुर्थी किंवा एकादशी यांपैकी एक तरी तिथी येतेच, आणि वर्षानुवर्षे उपास करणाऱ्याला त्या दिवशी पोळी-भाजी समोर आली की अवघडल्यासारखे होते. तेथे साबुदाण्याची खिचडी कोणी करून देणार नाही. व्रत मोडणे मनाला पटणार नसेल, तर शिबिराला जाण्यापूर्वीच त्याचा निर्णय घेणे प्रामाणिकपणाचे होय. सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्या जैन साधकाची स्थिती तुलनेने सोपी असते, कारण शेवटचा आहार पाच ते सहाच्या दरम्यान उरकतो.

आतापर्यंत पाहिले ते आवडीनिवडीविषयी आणि व्रताविषयी. आजाराचे पथ्य हा त्याहून निराळा विषय आहे, आणि दोहोंची गल्लत झाल्यास तिची किंमत शरीराला मोजावी लागते. शिबिराची नियमावली याबाबत स्पष्ट आहे. प्रत्येकाच्या आवडीचे जेवण पुरवणे शक्य नाही, म्हणून मिळेल ते साधे अन्न स्वीकारावे. परंतु वैद्याने आजारामुळे विशेष आहार सांगितला असल्यास तो अर्ज करतानाच व्यवस्थापनाला कळवावा, असे तिच्यात म्हटले आहे. जुन्या साधकालाही प्रकृतीच्या कारणास्तव मध्यान्हानंतरच्या नियमातून सूट मागता येते. ही सूट आधुनिक काळाने दिलेली सवलत आहे असे समजण्याचे कारण नाही. विनयपिटकाच्या महावग्गात एक कथा येते. शरद ऋतूत भिक्षूंना आजार जडला. खाल्लेले अन्न उलटू लागले, ते कृश व निस्तेज झाले. ते पाहून बुद्धांनी तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही पाच औषधे घेण्यास अनुमती दिली. प्रथम ती योग्य वेळीच घ्यावयाची होती. तेवढ्याने भागेना, तेव्हा ती अवेळीही घेण्यास त्यांनी मोकळीक दिली. त्याच ग्रंथात आंबा, जांभूळ, केळे, द्राक्ष, फालसा इत्यादींच्या पेयांनाही मान्यता आहे. ज्यांनी नियम केला त्यांनीच आजाऱ्यासाठी त्यात वाट ठेवली.

मधुमेह असलेल्या साधकाच्या बाबतीत हा प्रश्न विशेष गंभीर होतो. दुपारी बारा वाजता शेवटचा घास घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला न्याहारी करायची, तर मध्ये साडेअठरा तासांचे अंतर पडते. जो इन्शुलिन टोचून घेतो किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या घेतो, त्याच्या शरीरात औषध आपले काम करीतच राहते. पोटात अन्न आले नाही म्हणून ते थांबत नाही. अशा वेळी रक्तातील साखर प्रमाणाबाहेर घसरू शकते. डेसिलिटरमागे 70 मिलिग्रॅमपेक्षा खाली गेलेली साखर धोक्याची सूचना मानली जाते. केवळ मेटफॉर्मिनवर असलेल्याला हा धोका पुष्कळच कमी असतो. म्हणजे ‘मधुमेही’ हा एकच शब्द सर्वांना लावून भागत नाही. कोण कोणते औषध केव्हा घेतो, त्यावर सारे अवलंबून असते.

साखर घसरल्याची लक्षणे कोणती? हात थरथरतात, दरदरून घाम सुटतो, छातीत धडधडते, डोके हलके होते, विचार विस्कळीत होतात. आता ध्यानकक्षात डोळे मिटून बसलेल्या साधकाची कल्पना करावी. त्याला शिकवले गेले आहे की शरीरावर उमटणाऱ्या प्रत्येक संवेदनेकडे, ती सुखद असो वा दुःखद, तटस्थपणे पाहावे, प्रतिक्रिया देऊ नये. थरथर, घाम, धडधड हे सारे तो साधनेचाच अनुभव समजून शांतपणे न्याहाळत बसला, तर काय होईल? आणखी काही वेळाने त्याची शुद्धही हरपू शकते. येथे तटस्थता उपयोगाची नाही; येथे साखर हवी. सुमारे 15 ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, म्हणजे साधारण तीन लहान चमचे, पाण्यात विरघळवून लगेच घ्यावी, पंधरा मिनिटांनी रक्त पुन्हा तपासावे आणि साखर अजून कमी असल्यास तेच पुन्हा करावे, असा वैद्यकाचा सल्ला आहे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही ओतू नये. त्याला ताबडतोब वैद्यकीय मदत मिळाली पाहिजे.

शिबिरातील मौनाविषयीही असाच गैरसमज आढळतो. साधकांनी आपसांत बोलू नये, खुणा करू नयेत, हे खरे. परंतु भोजन, निवास, प्रकृती यांसंबंधी व्यवस्थापकाशी आणि साधनेसंबंधी आचार्यांशी बोलण्यास मुभा असते. तरीही स्वभावाने भिडस्त असलेला माणूस ‘उगाच कशाला त्रास द्यायचा’ म्हणून गप्प बसतो. मराठी घरांतून हा भिडस्तपणा सद्गुण म्हणून जोपासला जातो, पाहुण्याने पानात वाढलेले मुकाट्याने संपवावे अशी शिकवण दिली जाते. मधुमेहाच्या रुग्णाला ती शिकवण घातक ठरू शकते.

त्याहून अधिक चिंतेची गोष्ट म्हणजे अर्जात आजार लपवणे. अर्जात शारीरिक व मानसिक आजारांची, चालू औषधांची माहिती विचारलेली असते. खरे लिहिले तर प्रवेश नाकारतील, या धास्तीने काही जण ती जागा कोरी सोडतात. मग स्वयंपाकघराला काही ठाऊक नसते, व्यवस्थापकाला ठाऊक नसते आणि रात्री दोन वाजता घाम फुटलेल्या माणसाच्या शेजारी झोपलेल्यालाही ठाऊक नसते. नकार मिळाला तर शिबिर काही महिने पुढे जाईल; एवढेच नुकसान आहे.

जाण्यापूर्वी करावयाची तयारी फार मोठी नाही. शिबिराचे वेळापत्रक कागदावर उतरवून आपल्या डॉक्टरांना दाखवावे. न्याहारी साडेसहाला, जेवण अकराला आणि सायंकाळी केवळ हलका आहार, हे कळले की औषधाचे प्रमाण व वेळ कशी बदलायची ते डॉक्टर ठरवू शकतात. स्वतःच्या मनाने गोळी अर्धी करणे किंवा सोडणे धोक्याचे आहे. औषधे, साखर तपासण्याचे यंत्र आणि ग्लुकोजची पुडी बरोबर नेण्याविषयी केंद्राला आधीच कळवावे, कारण बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेण्यास एरवी मनाई असते आणि नंतर लपवाछपवी करावी लागणे कोणालाच शोभणारे नाही. काही औषधांना मात्र हे वेळापत्रक अनुकूलच पडते. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी घेऊन त्यानंतर काही वेळ खाऊ नये असे सांगितलेले असते. चार वाजता उठणाऱ्याला तेवढा अवधी आपोआप मिळतो.

गव्हातील ग्लुटेन ज्यांना चालत नाही, त्या सीलिअॅक रुग्णांचे पथ्य वेगळ्याच तऱ्हेने अवघड आहे. वरवर पाहता त्यांनी पोळी सोडून वरण-भात खावा, एवढेच पुरेसे वाटते. परंतु बाजारात मिळणाऱ्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, आणि हिंगाची फोडणी दिली की वरणही त्यांना वर्ज्य ठरते. ज्या पोळपाटावर गव्हाची पोळी लाटली, त्याच्याजवळच भाकरी थापली, तरी पीठ उडून तिला लागते. या रुग्णाला थोडेसे पीठही अपाय करते. ‘एक घास खाल्ला तर काय होते’ हा घरगुती न्याय येथे लागू होत नाही. म्हणून त्याने ‘मला गहू चालत नाही’ एवढेच लिहून थांबू नये. फोडणी घालण्यापूर्वी बाजूला काढलेले वरण, साधा भात, स्वतंत्र डाव, असे नेमके काय लागेल ते सांगावे आणि केंद्राला ते जमेल काय हेही आधीच विचारावे. शेकडो माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या हातांना नेमकी सूचना पाळणे सोपे जाते; मोघम सूचना मात्र गोंधळात हरवते.

भोजनगृहात वाढून घेण्याचे काम साधकाकडेच असते, आणि पथ्य पाळणाऱ्याच्या ते पथ्यावरच पडते. मधुमेही साधक भात कमी व उसळ जास्त घेऊ शकतो, गोड पदार्थ असल्यास पुढे जाऊ शकतो. पण येथे एक मोह असतो. रात्री जेवण नाही या विचाराने अकरा वाजताच्या ताटात दोन वेळचे अन्न वाढून घेतले जाते. परिणामी दुपारी एक वाजता ध्यानाला बसल्यावर डोळे मिटतात ते झोपेनेच. मधुमेह्याची साखर दुपारी चढते आणि रात्री मात्र उतरायची ती उतरतेच. सारिपुत्त स्थविरांच्या नावे असलेल्या एका गाथेत भिक्षूने चार-पाच घासांची जागा शिल्लक असतानाच थांबून पाणी प्यावे, असा आशय आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांत ते जमत नाही. संध्याकाळी सात वाजता, म्हणजे रोजच्या जेवणाच्या वेळेच्या सुमारास, पोट हाक मारते. चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत निरोगी माणसाचे शरीर बहुधा नव्या वेळेला सरावते आणि भूक ही पोटाची किती आणि घड्याळाची किती, हे त्याचे त्यालाच कळू लागते.

दहाव्या दिवशी मौन सुटते. भोजनगृहात नऊ दिवस केवळ ताट-वाट्यांचा आवाज होता, तेथे एकाएकी बोलण्याचा कल्लोळ उठतो, आणि पुष्कळांना त्या दिवशी काय जेवलो हे आठवतही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळी आपापल्या गावी निघतात. मधुमेही साधकाला त्यानंतर एक काम उरते. शिबिरासाठी बदललेले औषधाचे प्रमाण घरच्या जेवणाला पुरणारे नसते. घरी रात्रीचे जेवण पुन्हा सुरू होणार असते. म्हणून परतल्यावर पहिले काही दिवस साखर नियमित तपासावी आणि तिची नोंद घेऊन डॉक्टरांना भेटावे.

स्वाध्याय

1. उदायीला रात्रीचे जेवण सोडणे जड का वाटले आणि पुढे त्याचे मत का बदलले, ते तुमच्या शब्दांत लिहा.
2. ‘येथे तटस्थता उपयोगाची नाही, येथे साखर हवी.’ या विधानाचा संदर्भ देऊन स्पष्टीकरण करा.
3. आवड, व्रत आणि पथ्य या तिन्ही शब्दांतील फरक पाठातील उदाहरणांच्या आधारे सांगा.
4. तुमच्या परिचयातील पथ्य पाळणाऱ्या एखाद्या व्यक्तीशी बोला. प्रवासात किंवा परक्या घरी तिला कोणती अडचण येते, ते आठ-दहा ओळींत लिहा.
5. तुमच्या घरातील एका आजारी व्यक्तीला दहा दिवसांच्या निवासी शिबिराला जायचे आहे असे समजून, तिच्या पथ्याची नेमकी माहिती देणारे पत्र केंद्राच्या व्यवस्थापकांना लिहा.